धूर लागला असेल

चैत्रात आमच्या घरी ज्याचे डोळे लाल नाहीत तो आळशी, असा माझ्या सासूबाईंचा साधा हिशोब. काजीचा मोसम आला की घरामागच्या खळ्यात चूल पेटायची. चुलीवर भोकं पाडलेला पत्रा आणि पत्र्यावर वाळलेल्या काजूबिया. बिया तापल्या की तेल सोडतात, ते तेल भडका घेतं आणि मग जो धूर उठतो तो साध्या लाकडाच्या धुरासारखा नसतो. डोळ्यांत चावतो, नाक गळायला लावतो, घसा खरवडून काढतो. लग्न होऊन मी पहिल्यांदा त्या चुलीपुढे बसले तेव्हा वाटलं, मेलेच आता. माझं माहेर जामसंड्याचं, आंब्यातलं. आंब्याला धूर नसतो. मला डोळे पुसताना बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, "रडतंस कित्याक गो? सासुरवास अजून खंय सुरू झालो!" आणि आम्ही दोघी हसलो होतो.

हा धूर नीट समजला तरच पुढचं समजेल, म्हणून एवढं सांगितलं. आमचं गाव कट्ट्याच्या बाजारापासून आत, डोंगराच्या कुशीत. भात थोडं, बाकी सगळी काजूची कलमं. मोसमात इथे माणसाला जे काही होतं ते काजूनेच होतं. खोकला आला, धूर. डोळे चुरचुरले, धूर. अंगावर काही उठलं, तर काजूचा चीक, ज्याला आम्ही डीक म्हणतो, तो उतला. लावा खोबरेल. तोंड आलं, तर ओले गर कच्चेच खाल्ले असणार. ताप आला, तर उन्हात बिया वेचल्या. डॉक्टरकडे जायची गरजच पडत नाही. वर्षानुवर्षं असंच चालत आलंय, आणि वाईट एवढंच की बहुतेक वेळा ते खरंही असतं. एकदा तरी खोटं ठरलं असतं तर आम्ही सावध झालो असतो.

माझी धाकटी नणंद बाळंतपणाला माहेरी आली ती गणपती आटोपल्यावर. ती मुंबईला दिलेली. बरोबर मोठी मुलगी, चार वर्षांची. दिवाळीच्या आगेमागे मुलगा झाला. मुंबईत दोन खोल्या, बघायला कोणी नाही, म्हणून काजीचा मोसम संपेपर्यंत राहा असं आम्हीच तिला म्हटलं. माझी दोन्ही पोरं शिकायला बाहेर, घर कसं खायला उठायचं. त्या दोन पोरांनी ते भरून टाकलं.

मुलगी म्हणजे चुरूचुरू बोलणारी. काजूला पहिली फळं धरली तेव्हा "मामी, मला बोंडू पाहिजे" म्हणायची, शिमग्यापर्यंत "मामी, माका बोंडू दी" म्हणायला लागली. तिचा मामा तिला मुद्दाम चिडवायचा, "मुंबयकरणी, बोंडू खातंस तर पाठीवर काजीचा झाड येतला." ती पाठ चाचपून बघायची. बाळ मात्र शांत. भूक लागल्याशिवाय आवाज नाही. बहिणीने त्याच्या गालाला तोंड चिकटवून पिपाणी वाजवली, फुर्र्र, की बोळकं उघडून असं हसायचं की आम्ही हातातली कामं टाकून बघत बसायचो. दिवसातून कितीदा ती पिपाणी वाजायची त्याला गणतीच नव्हती. सासूबाई ओरडायच्या, "सोड गो त्याका, गाल झिजतलो!"

शिमग्याला जावई आले. मुंबईला त्यांच्या बहिणीचं लग्न होतं. नणंद बाळाला घेऊन जाणं शक्य नव्हतं, म्हणून ते लेकीला घेऊन गेले. आत्याच्या लग्नात नाचायचं म्हणून ही उड्या मारत गेली. लग्न झालं आणि तिचे बाबा तिला परत घेऊन आले. नांदगाव स्टेशनावर आमचे हे उतरवून घ्यायला गेले होते. बाबा दुसऱ्या गाडीने परत गेले, कामावर जायचं होतं. ही मामाच्या खांद्यावर झोपूनच घरी आली. हातावर मेंदी होती आणि मुठीत चुरगळलेला गजरा, बाळासाठी आणलेला. घरात शिरल्या शिरल्या जागी झाली आणि पहिली पिपाणी वाजवली.

पाचसहा दिवस छान खेळली. मग एका दुपारी माझ्या मागून बिया वेचत फिरली आणि संध्याकाळी अंग तापलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "उन लागला," म्हणाल्या. तळपायाला कांदा चोळला. दुसऱ्या दिवशी नाक वाहायला लागलं आणि खोकला सुरू झाला, कोरडा, छातीतून ठसकणारा. मी चुलीपुढे होते, वारा घराच्या दिशेने होता, आतपर्यंत धूर गेलेला.

"धूर लागलो आसतलो," सासूबाई म्हणाल्या.

मलाही तेच वाटलं. मी चूल उचलून खळ्यातल्याच फणसापलीकडे मांडली. एवढं केलं, आणि मला वाटलं, केवढी शहाणी मी.

मग डोळे. लालभडक, पाणी गळतंय, सकाळी पापण्या चिकटलेल्या. "मामी, दार लाव ना, ऊन टोचतंय," म्हणून ती आईच्या पदरात तोंड घालायची. नणंद मला म्हणाली, "वैनी, दोन दिवस भाजूचा बंद ठेव मगे." मी ठेवलं बंद. डोळे काही निवळले नाहीत. आम्ही म्हटलं, गेलेला धूर निघायला वेळ लागतो. बघा, धूर नव्हता तरी दोष धुराचाच.

जेवेना म्हणून नणंदेने तिचं तोंड उघडून बघितलं. गालांच्या आतून, दाढांजवळ, लाल जागेवर पांढरे बारीक कण. रवा चिकटल्यासारखे. "बगलंस?" सासूबाई म्हणाल्या, "चोरून ओले गर खाल्ल्यान. डीक लागलो तोंडाक." आणि ते अगदीच खोटं नव्हतं हो! ती खायचीच चोरून. मी तिला त्याआधी दोनदा पकडली होती. मी तिच्या गालांना आतून साजूक तूप लावलं. माझ्याच बोटाने लावलं, ते कण माझ्या बोटाला लागले, आणि तरी मला काही कळलं नाही. मला त्याचं अजून आश्चर्य वाटतं.

त्यानंतर कानामागे आणि केसांच्या कडेने लाल पुरळ उठलं. आता तर प्रश्नच मिटला. डीक उतला. खोबरेल चोळलं, आमसुलं भिजत घालून त्याचं पाणी लावलं. रात्री बाळ एका कुशीला, ती दुसऱ्या कुशीला, मध्ये आई. आजारी पोरीला आईपासून लांब कोण ठेवतं? आणि डीक काय कोणाला लागतो? धूर काय एकाच्या डोळ्यांतून दुसऱ्याच्या डोळ्यांत जातो?

पुरळ कपाळावर आलं, गालांवर आलं, मानेवर उतरलं. ताप कमी व्हायचा तर वाढला. मी तिचा फ्रॉक बदलायला काढला तर छातीवर आणि पोटावरही तेच. माझं डोकंच सटकलं.

"पोटावर डीक खंयसून इलो?" मी सासूबाईंना विचारलं. "फ्रॉकात शिरान कोणी फासल्यान?"

"हातान खाजवल्यान आसतला. हाताक लागलेलो तो पोटाक लागलो."

"आई, पुरे झाला तुमचा काजूपुराण!" मी ओरडलेच. "चेडू तापान होरपळता हा आणि तुम्ही आमसुला भिजवा!" इतक्या वर्षांत मी त्यांना असं बोलले नव्हते. त्या आमसुलांची वाटी घेऊन आत गेल्या. मी ह्यांना म्हटलं, रिक्षा बोलवा. नणंद बाळाला मांडीवर घेऊन मागे बसली, कारण बाळ अंगावर पिणारं, घरी कोणाकडे ठेवणार? सासूबाईही आल्या. आम्ही सगळे त्या एका रिक्षात कोंबून बाजारातल्या डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टर आमच्याच बाजूचे, वयस्क. त्यांनी पोरीचा कान पुढे दुमडून मागे बघितलं, तोंडात बॅटरी मारली, पोटावरचा फ्रॉक वर केला. पुरळ कुठून सुरू झालं विचारलं. ताप आधी की पुरळ आधी, तेही विचारलं. मग म्हणाले, "लस दिलीय का हिला गोवराची?"

नणंदेने नकारार्थी मान हलवली. टाळेबंदीच्या वर्षात पोर नऊ महिन्यांची झाली होती. दवाखान्यांच्या नावाने माणसं थरथरत होती तेव्हा, घराबाहेर कोण पडणार? नंतर देऊ, नंतर देऊ करत राहूनच गेलं. शाळेत घालताना देऊ असं नवरा-बायकोने ठरवलं होतं. हे तिने मान खाली घालून सांगितलं.

"हा गोवर आहे," डॉक्टर म्हणाले. "डीक लागतो तिथेच उततो. कानामागून सुरू होऊन खाली पायापर्यंत उतरतो तो गोवर. आधी ताप, नाक, खोकला, डोळे लाल. तोंडात पांढरे कण येतात तेव्हाच खरा ओळखता येतो, पुरळ यायच्या आधी." मग सासूबाईंकडे बघून म्हणाले, "मावशी, तुम्ही तरी बघितला असेल की."

"बगललंय," सासूबाई म्हणाल्या. आवाज अगदी बारीक. "माझ्या भावंडांका इल्लो. धाकटो त्यातच गेलो. पण डॉक्टर, तो आता खंय आसा? आता नाय ना तो कोणाक येणा?"

डॉक्टरांनी चिठ्ठी पुढे ओढली आणि औषधं लिहायला घेतली. लिहिता लिहिता त्यांची नजर नणंदेच्या मांडीकडे गेली. बाळ त्यांच्या गळ्यातल्या नळीकडे बघून हसत होतं.

"हा किती महिन्यांचा?" त्यांनी विचारलं. पाच पुरे झाले, नणंद म्हणाली. "एकाच खोलीत झोपतात?" एकाच अंथरुणात, ती म्हणाली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एवढ्या लहानाला लस देतच नाहीत, आईकडून अंगात आलेलं असतं त्यावर पोर निभावतं, ते पुरलं तर पुरलं, असं काहीसं म्हणाले. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासूनच हा दुसऱ्याला लागतो. म्हणजे लागायचा असेल तर लागून गेला. दोघांना वेगळं ठेवा, पोरीला डोळ्यांसाठी डोस देतो, आणि बाळाला जरा कणकण वाटली तरी थांबू नका, घेऊन या.

परतताना रिक्षात माझ्या मनात एकच हिशोब चाललेला, त्या दिवसांत किती पिपाण्या वाजल्या असतील.

घरी आल्यावर सासूबाईंनी दारावर कडुनिंबाच्या डहाळ्यांचा टाळा लावला. घरात फोडणी बंद, तळण बंद. देवीला नारळ ठेवून त्यांनी गाऱ्हाणं घातलं, "बाय माझे, इलंस तशी हसत जा, पोराबाळांका राख." मी तसली काही मानणारी नव्हे, पण मी हात जोडून उभी राहिले. औषधं वेळेवर दिली आणि हातही जोडले. काय करणार? माणूस बुडायला लागला की काडीलाही नमस्कार करतो.

नणंद बाळाला घेऊन माडीवर गेली. पोर माझ्याजवळ खाली. तिचा ताप उतरला, पुरळ काळसर पडून विरलं, भूक लागली. चार दिवसांत ती पेज मागायला लागली. आम्हाला आनंद व्हायला हवा होता, झालाही, पण तो तोंडावर आणायची भीती वाटत होती. बरी झाल्यावर ती जिन्याच्या पायथ्याशी जाऊन उभी राहायची आणि वर बघून बाळाला हाक मारायची. सासूबाई तिला मागे ओढायच्या. "लांब रव गो! तुझो खोकलो भावाक लागात!" ती मला विचारायची, "मामी, खोकला कसा लागतो?" मी म्हणायचे, "लागता बाय, वाऱ्यान लागता." मग ती पायथ्याशीच बसून तळहातावर पिपाणी वाजवायची आणि वरून बाळ हसल्याचा आवाज यायचा. मला ते दोन्ही आवाज सहन होत नव्हते. मी परसात जाऊन उभी राहायचे.

आता आम्हाला सगळं येत होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं आम्ही पाठ केलं होतं. आधी ताप. मग नाक, खोकला, डोळे. मग गालांच्या आतले कण. मग कानामागे. रोज सकाळी नणंद बाळाला उजेडात धरायची आणि मी बघायचे. कपाळ, नाक, डोळे, तोंड, कान. काही नाही. पुन्हा दुपारी. काही नाही. दिवस सरत गेले तशी सासूबाईंच्या तोंडावर थोडी तरतरी आली. एक दिवस त्यांनी मला विचारलं, भाजायच्या बिया किती राहिल्यात. मी म्हटलं, राहू देत. मी चूल पेटवलीच नव्हती. पोती मांगराच्या छपराखाली रचून ठेवली होती. खळं झाडून स्वच्छ, चुलीत राखसुद्धा नव्हती.

आणि एका सकाळी बाळाचं अंग कोमट लागलं.

मी नणंदेकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं. ती म्हणाली, "गरमी किती आसा नाय वैनी?" मी म्हटलं, "हो, उकडता." दुपारी नाकाला पाणी आलं. मी त्याला उचलून खिडकीशी नेलं. डोळ्यांच्या कडा लाल झाल्या होत्या. स्वच्छ उजेडात, स्वच्छ हवेत, लाल.

सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या होत्या. "खंयतरी धूर आसा," त्या म्हणाल्या. "बग जरा. कोणीतरी झाडाखालचो पातेरो पेटवल्यान आसतलो. धूर लागलो आसतलो त्याका." त्या खिडकीतून डोकं बाहेर काढून वास घेत होत्या, खरंच वास घेत होत्या. मी पण घेतला. काजूच्या मोहोराचा वाससुद्धा नव्हता आता. आयुष्यभर ज्याला शिव्या घातल्या तो धूर मला त्या क्षणी हवा होता. कोणाच्या तरी घरामागच्या परड्यातून एक धुराची रेघ उठली असती तर मी तिच्या पाया पडले असते.

नणंद तेवढ्यात म्हणाली, "वैनी, आजच्या दिवस बगूया काय? धूरच आसतलो तर?"

"धूर नाय हा, बाय," मी म्हटलं. "उठ. कपडे कर."

त्याच दिवशी गेलो. आमचा एक तासही फुकट गेला नाही. आधी डॉक्टरांकडे, तिथून सरकारी दवाखान्यात, तिथे श्वास बघून म्हणाले गोव्याला न्या, मोठ्या इस्पितळात. गाडीही त्यांनीच दिली. कोणी हयगय केली नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. उशीर झाला असता तर कोणावर तरी ओरडता आलं असतं. मी ओरडण्यात तरबेज. पण ह्या वेळी आम्ही सगळं ओळखलं होतं, एकेक खूण, अगदी वेळेवर, आणि त्याचा कवडीचा उपयोग झाला नाही. इस्पितळात त्याच्या कानामागे पहिला लाल ठिपका आला तो नर्सच्या आधी मी बघितला. गालांच्या आतले कणही मी दाखवले. तिथली तरुण डॉक्टरीण मला म्हणाली, तुम्हाला बरोबर कळतंय. आग लागो त्या कळण्याला!

गोवर फुप्फुसात उतरला होता. छाती आत ओढली जायची, बरगड्या मोजाव्यात अशी. नळ्या लावल्या. बाळ शांतच होतं, नेहमीसारखं, फक्त हसत नव्हतं. जावई मुंबईहून आले, रात्रभर प्रवास करून, डोळे तारवटलेले. त्यांनी काचेतून बघितलं. लेकरू त्यांना ओळखायचंच कुठे, जेमतेम दोनदा भेट झालेली. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या डब्यांची वेळ होती, डॉक्टरीण बाहेर आली आणि तिने नणंदेचा हात धरला. तिला काही सांगावं लागलं नाही. ते पण आम्ही ओळखलं.

एवढ्या लहानाला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. ह्यांनी आणि जावयांनी नेलं. बायका घरी. माणसं यायला लागली, दारावरचा टाळा वाळून गेला होता तो कोणीतरी उपटून टाकला. खळ्यात बायका बसल्या होत्या आणि त्यांतली एक, आमच्याच वाडीतली, उसासा टाकून बोलली, "काय म्हणूचा नशिबाक! बहिणीन मुंबैसून हाडल्यान आणि भावाक दिल्यान."

पोर माझ्या मागे उभी होती. खांबाला धरून.

मी त्या बाईला हाताला धरून उठवली आणि खळ्याबाहेर काढली. घरात मयत असताना. काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. लोक म्हणाले, सुनेचं डोकं फिरलं. फिरलंच होतं. पण बाई गेली तरी बोललेलं तिथेच राहिलं. मी वळून बघितलं तर पोरीने तोंडावर दोन्ही हात दाबून धरले होते. तिला खोकला येत होता आणि ती तो आत दाबत होती.

नंतर आरोग्यवाले आले, वाडीतल्या ज्या ज्या पोराची राहिली होती त्याला लस टोचून गेले. आमच्या पोरीलाही दिली. नणंद काही दिवसांनी मुंबईला गेली. जाताना सासूबाईंच्या पाया पडली, पण दोघींनी एकमेकींच्या डोळ्यांत बघितलं नाही. जावयांच्या घरचे म्हणाले असं कानावर आलं, माहेरी ठेवलं म्हणून घडलं. आमच्याकडचे म्हणाले, लस कोणी चुकवली ते बघा आधी. दोन्ही बाजूंनी खरंच आहे. खरं घेऊन काय चुलीत घालायचंय?

सासूबाई त्यानंतर कमी बोलू लागल्या. एकदा भाजी निवडताना मला म्हणाल्या, "माझो भाव गेल्लो तेवा माझी आई पण म्हणाली हुती, धूर लागलो आसतलो. माका आठावला. पण कवा आठावला बग." आणि पुन्हा भाजी निवडायला लागल्या. मी त्यांच्या पुढ्यातली अर्धी भाजी माझ्याकडे ओढली.

आम्ही काजू भाजणं सोडलं. बिया कच्च्याच व्यापाऱ्याला देतो, भाव मिळेल तो. खळ्यातली चूल पहिल्या पावसात खचली, दुसऱ्या पावसात तिच्यावर गवत आलं.

यंदा चैत्रात नणंद दोन दिवस आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. पोर आता पहिलीत जाते. उंच झालीय, वेणी घालते, बोलते अगदी मोजकं. पुन्हा मुंबईची मराठी झालीय. मामाने तिला बोंडू दिला तर तिने हातात धरून ठेवला आणि मग हळूच ओट्यावर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारची सून आपलं बाळ घेऊन आली, सहज, दाखवायला. चांगलं गुटगुटीत. नणंदेने घेतलं, मांडीवर खेळवलं. मी पोरीला हाक मारली, ये गो, बघ बाळ कसं हसतं. ती नव्हती.

मी परसात शोधत गेले. ती जुन्या चुलीच्या दगडावर बसली होती, गवतात, घराकडे पाठ करून. मी पुढे जाऊन बघितलं तर डोळे लाल, गाल ओले. माझा हात माझ्या आधी तिच्या कपाळावर गेला. मग मी तिचा कान दुमडून मागे बघितलं, एक, मग दुसरा. अंग थंड होतं. कुठे काही नव्हतं.

"काय झाला गो?" मी विचारलं.

"काही नाही, मामी. धूर गेला डोळ्यांत."

चुलीत गवत होतं. आजूबाजूला कुठे आग नव्हती, वारासुद्धा पडला होता. घरातून त्या परक्या बाळाचं हसणं ऐकू येत होतं. पोर माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणते याची वाट बघत. ओठ घट्ट मिटलेले.

मी तिच्याजवळ दगडावर बसले आणि पदराने तिचे डोळे पुसले.

"होय गो चेडवा," मी म्हटलं. "धूरच लागलो आसतलो."